स्वदेशीचे बीज परसबागेत

स्वदेशीची चर्चा बहुधा कारखाने आणि बाजारपेठ यांभोवतीच फिरते. परसबाग तिच्या विचारात येत नाही. वस्तुतः वेलावरचा एक दुधी बियाण्यासाठी राखणे, राखेत घोळवलेले बी मडक्यात जपणे, गवार वाळवून पावसाळ्याची बेगमी करणे, हे आपल्या माता-भगिनींचे मूक अर्थशास्त्रच होते.

आज संकरित वाणांनी ही साखळी तोडली आहे. त्यांचे बी राखले तरी पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत. दरवर्षी दुकानाची पायरी चढावीच लागते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा अधिकार दिला. परंतु घरात बीच उरले नाही, तर तो अधिकार काय कामाचा?

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शालेय शिक्षणावाचून गावरान वाणांची बीजबँक उभारली. २०२० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले, आता अनुकरण व्हावे. शहरातील गॅलरीतही घेवड्याचा एक वेल मावतो. त्याच्या चार शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात आणि मूठभर बी शेजारच्या घरी पोहोचवावे. राष्ट्राचे स्वावलंबन अशा घरांतूनच रुजते.