प्रतीक्षेचा भार कोणावर?

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र एका महिन्यात द्यावे, असे 2017 चे केंद्रीय नियम सांगत होते. 2024 च्या दुरुस्तीने ही मुदत तीन महिने करण्यात आली. मुदत पाळली जात नसेल तर यंत्रणा वाढवावयाची की मुदत, या प्रश्नाचे सरकारी उत्तर असे आहे!

2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार 7 वरून 21 वर नेले, हे योग्यच झाले. परंतु तपासणीस लागणारे तज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतात. आणि प्रमाणपत्रावाचून अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही.

या विलंबाला दप्तरदिरंगाई म्हणून सोडून देता येणार नाही. अनुदान जितके महिने लांबते, तितके महिने तिजोरीचा खर्च वाचतो. तो भार मात्र नाहीसा होत नाही. सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, एस. टी. चे भाडे व सावकाराचे व्याज या रूपाने तो कुटुंबावर पडतो. ज्याच्यापाशी काही नाही, त्याच्याकडूनच शासन बिनव्याजी उसनवारी करते. तीही कशासाठी? केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनास 80 टक्के अपंगत्व लागते, आणि 80 वर्षांखालील व्यक्तीमागे केंद्राचा वाटा 2012 पासून दरमहा 300 रुपयेच आहे.

संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदाने अपंगत्वात साहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. म्हणून आमची मागणी अशी की, तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी आणि मंजूर अनुदान अर्जाच्या तारखेपासून मिळावे. विलंबाची किंमत तिजोरीला मोजावी लागली, की तपासणीच्या तारखाही लवकर मिळू लागतील.