सांगायची वेळ कुणी ठरवायची?

परवा नातीनं लॅपटॉपवर बॉयझोन या आयरिश बँडवरचा २०२५ सालचा माहितीपट दाखवला. पॉप संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्यातला स्टीफन गेटली मात्र डोक्यातून जात नाही.

डब्लिनच्या गरीब वस्तीतला हा पोरगा १९९३ साली, १७ व्या वर्षी बँडमध्ये आला. योगायोग बघा, आयर्लंडमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा उरला नाही, तो त्याच वर्षी. कायदा बदलला, बाजार कुठे बदलला होता? पाच देखणे मुलगे, आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या शाळकरी मुली. त्यांच्या राजकुमारानं 'मला मुलगे आवडतात' असं म्हणायचं तरी कसं? मग काय, हसायचं, गायचं आणि गप्प बसायचं!

जून १९९९ मध्ये कुणीतरी त्याचं गुपित वर्तमानपत्राला विकायला निघालं, तेव्हा त्यानं 'द सन'मधून स्वतःच सांगून टाकलं. त्याच्या धैर्याचं कौतुक झालं. पण दार फोडायला कुणी आलं म्हणून आपणच कडी काढली, याला मोकळेपणा म्हणायचं का?

ऑक्टोबर २००९ मध्ये, अवघ्या ३३ व्या वर्षी तो नैसर्गिक कारणानं गेला. तरीही 'डेली मेल'मधल्या एका लेखानं त्या मृत्यूवर शंकेचे शिंतोडे उडवलेच. त्याविरुद्ध सुमारे २५,००० लोकांनी तक्रारी केल्या, एवढंच समाधान. २०१५ साली ६२ टक्के आयरिश मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला, तो पाहायला स्टीफन नव्हता.

हे सगळं पाहताना मला माझाच वर्ग आठवला. नाजूक आवाजाचा एक मुलगा गॅदरिंगमध्ये सुरेख गायचा. पोरांनी त्याला एक नाव ठेवलं. ते ऐकून शिक्षकांच्या खोलीत मीही हसले होते. पुढच्या वर्षी त्यानं गाण्यात नाव दिलं नाही. तो कसा होता, मला ठाऊक नाही, आणि ते शोधणं माझं कामही नव्हतं. ते हसणं थांबवणं मात्र माझं काम होतं.

म्हणून मला वाटतं, मुलांना खोदून विचारू नये आणि लपवायलाही लावू नये. सांगावंसं वाटलं तर सांगता येईल, एवढी घरात जागा ठेवावी. वेळ त्यांची त्यांना ठरवू द्या.

माझं तेवढंही जमलं नाही, मंडळी. तुमचं जमतंय का?