शेवटचं कडवं कुणी कापलं?

याद्यांचा धंदा सध्या जोरात आहे. सर्वश्रेष्ठ शंभर अल्बम. अजरामर पन्नास रेकॉर्डी. मरायच्या आधी ऐकल्याच पाहिजेत अशा अमुकतमुक. दिवाळी अंकात येतात, रविवारच्या पुरवणीत येतात, मोबाइलमध्ये तर रोज येतात. मी त्या सगळ्या वाचतो आणि त्यातल्या रेकॉर्डी शोधून ऐकतोही. दहावी पास हमालाला कान नसतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पान इथंच उलटावं.

मराठी यादी काढली की गीतरामायण पहिल्या पाचात असणारच. ठीक आहे, तिथूनच सुरू करू. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं, १९ एप्रिल १९५६ ला शेवटचं. एकूण ५६ गाणी. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. लोक म्हणे रेडिओला हार घालून ऐकायला बसत. माझं मत विचाराल तर चाली बेफाट आहेत. ५६ गाण्यांत चाल कुठंही शब्दाच्या छातीवर बसत नाही. प्रत्येक अक्षर कानात नीट उतरतं. शब्द कळेल असं कसं गावं, हे फडक्यांकडून शिकावं. हे जो कबूल करत नाही तो बहिरा, त्याचा विद्रोहबिद्रोह गेला खड्ड्यात.

पण ५६ गाण्यांत शंबूक नाही. शबरी आहे, कारण ती बोरं देते. नावाडी आहेत, कारण ते पैलतीरी नेऊन सोडतात. सेवा करणाऱ्याला एकेक गाणं मिळालं, आणि तप केलं म्हणून ज्याचं मुंडकं उडवलं त्याला अर्धं कडवंसुद्धा नाही. एवढी मोठी कथा, एवढा मोठा कवी, आणि नेमका हाच विसरला?

आता तारखा बघा. शेवटचं गाणं एप्रिल १९५६ मध्ये. त्यानंतर सहा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली दुसरीच प्रतिज्ञा राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची. आमच्या देवळीहून नागपूर शंभरेक किलोमीटर. वर्धा जिल्ह्यातली माणसं रेल्वेनं गेली, बैलगाडीनं गेली, पायी गेली. म्हणजे एकाच वर्षात एक महाराष्ट्र रेडिओला हार घालत होता आणि दुसरा महाराष्ट्र घरातले देव नदीत सोडत होता. दोन्हीकडं गाणी होती. एकाची गाणी पुढं रेकॉर्डींवर निगुतीनं जपली गेली. दुसऱ्याची बहुतेक गळ्यात राहिली, वहीत राहिली, आणि गळा गेला तशी गेलीही. यादी करणाऱ्याला फक्त रेकॉर्ड दिसते.

दुसरं उदाहरण अभंगांचं. जितेंद्र अभिषेकींनी चोखोबाचा गुलालाचा अभंग गायलाय. आवाजात चंदन आहे, वाद नाही. त्या अभंगात चोखोबा विचारतो की आम्ही जातीचे हीन, उंबऱ्याला शिवायचं कसं? मैफलीत नेमकं या ओळीला लोक डोलतात. डोळे मिटून, हातानं ताल धरून डोलतात. माणूस देवळाबाहेर उभा राहून विचारतोय, आणि आतले म्हणतात, वा, क्या बात है! अभिषेकींचा यात दोष नाही. त्यांनी प्रश्न सुंदर गायला. पण सुंदर गायलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही, ही रसिकांची सोय झाली. किशोरीताई आमोणकरांनी सोयराबाई गायली. सगळे रंग मिळून एकच रंग झाला, असा तो अभंग. मला तो चोखोबाच्या त्या अभंगापेक्षा मोठा वाटतो. शेवटच्या ओळीत सोयराबाई स्वतःची ओळख सांगते, नवऱ्याच्या नावानं आणि जातीसकट सांगते. किशोरीताईंनी ती ओळ गाळली नाही. ती ओळ ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

'कॉल ऑफ द व्हॅली' नावाची एक रेकॉर्ड आहे, १९६७ ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या धनगराचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांतून सांगितलाय. ऐकायला छान. रात्रपाळी करून आल्यावर झोप लागायला उत्तम. फक्त एवढंच की त्या धनगराला दिवसभरात एकदाही भूक लागत नाही.

आता जरा गोऱ्यांच्या याद्यांकडं जाऊ. पँथर हे नाव आपण १९७२ मध्ये तिकडूनच आणलं, त्यांचं गाणं मात्र आणायचं राहून गेलं. अमेरिकेत 'रोलिंग स्टोन' नावाचं मासिक आहे. त्यांनी २००३ मध्ये पाचशे अल्बमांची यादी काढली. पहिला नंबर बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चा, १९६७ चा अल्बम. (त्याच्या कव्हरवर जगातल्या मोठ्या लोकांच्या घोळक्यात गांधीही होते. भारतातला धंदा बिघडेल म्हणून ईएमआय कंपनीनं त्यांना पुसून टाकलं. इथली एचएमव्ही त्याच कंपनीची. सेवाग्राम आमच्या जिल्ह्यात, म्हणून आपलं सांगितलं.) २०२० मध्ये त्याच मासिकानं पुन्हा मतं मागवली. या खेपेला मत देणाऱ्यांत काळे जास्त होते, बाया जास्त होत्या, पोरं जास्त होती. पहिला नंबर आला मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'चा. तो १९७१ चा अल्बम २००३ मध्ये सहावा होता. सतरा वर्षांत रेकॉर्डीतला एक सूरही बदलला नाही. मतदार बदलले. ज्याला 'अभिजात' म्हणतात त्याचं पोट एवढंच आहे, दोस्तांनो. कुणाच्या हातात शिक्का आहे, बस.

ती रेकॉर्ड मी गोदीत, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर ऐकली. इंग्रजी अर्धं कळलं. व्हिएतनामहून परत आलेला शिपाई आपल्या गल्लीकडं बघतो आणि विचारतो की हे चाललंय काय? एक गाणं संपत नाही तोच दुसरं त्याच्यात मिसळतं. आवाज चढत नाही. मला आधी राग आला, एवढं सगळं जळतंय आणि हा इतका हळू कसा गातो? चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना कळलं की तो रडणं दाबून गातोय. आपल्याकडच्या जलशात हे मी क्वचित ऐकलं. आपण आधी मूठ वर करतो, मग सूर शोधतो.

आणि खरी गोष्ट कव्हरवर आहे. मोटाऊन कंपनीच्या रेकॉर्डींवर वाजवणाऱ्यांची नावं छापत नसत. वर्षानुवर्षं तेच वादक, कंपनीची शेकडो गाणी गाजली, आणि वादक निनावी. या रेकॉर्डीवर त्यांची नावं पहिल्यांदा आली. बेस गिटार वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचं नाव छापून यायला १९७१ उजाडलं. हे वाचल्यावर मी घरी देवळीला आलो तेव्हा बापाची कॅसेटची पेटी काढून बसलो. बहुतेक कॅसेटींवर गायकाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, कंपनीचा शिक्का. कवीचं नाव सापडलं तर नशीब. ढोलकी कुणाची, बेंजो कुणाचा, कोरसमधल्या बाया कोण, काही नाही. ढोलकीचं कातडं कुणी कमावलं ते तर बाजूलाच राहू द्या.

आपल्या गाण्याचा अल्बम नीट झालाच नाही याला आणखी एक कारण आहे, ते साधं मापाचं आहे. जुनी अठ्ठ्याहत्तरची तबकडी एका बाजूला साडेतीन मिनिटं वाजे. एलपी वीस-पंचवीस मिनिटं. साठची कॅसेट एका बाजूला अर्धा तास. आपली भीमकव्वाली या कशात मावणार? विदर्भात जयंतीला दोन पार्ट्यांचा मुकाबला लागतो, एक बाईची, एक बुवाची. सवाल टाकायचा, जवाब यायचा, मध्येच गाणं थांबवून कव्वाल बोलतो, पुणे करार समजावून सांगतो, एक शेर फेकतो, पुन्हा मुखड्यावर येतो. एकच गाणं तासभर चालतं. नागोराव पाटणकरांचं नाव आमच्याकडची म्हातारी माणसं अजून काढतात ती अशा रात्रींसाठी. स्टुडिओत गेल्यावर पहिली कात्री याच बोलण्यावर चालली. मुखडा आणि तीन कडवी राहिली, बाकी वेळेअभावी गेलं. बोलणं गेलं म्हणजे कव्वालीची शाळाच गेली.

तरी सांगतो, प्रल्हाद शिंदे कॅसेटीतही मावत नाहीत. गोदीत माझी एक कसोटी आहे. क्रेन चालू असताना, फोन खिशात, शब्द कळतो का? प्रल्हाद शिंदेंचा प्रत्येक शब्द कळतो. लोखंडावर लोखंड घासलं तरी तो आवाज वर येतो. आपल्यातले काही सोवळे त्यांना नावं ठेवतात, कारण भीमगीतं गाणाऱ्यानं विठ्ठलही गायला, गणपतीही गायला. अरे, कॅसेटवाल्याला दोन्ही बाजार पाहिजे होते आणि गळा तर एकच होता. आषाढीला गावोगावच्या भोंग्यावर बौद्धाचा आवाज वाजतो आणि वारकरी त्यावर चालतो, यात आपलं काय गेलं? हिशेब मागायचा असेल तर कंपन्यांना मागा, किती कॅसेटी खपवल्या आणि किती पैसे हातावर टेकवले.

विठ्ठल उमप रेकॉर्डीत निम्मे राहतात. त्यांचं गाणं अंगात असायचं, डोळ्यात असायचं. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर, मंचावरच ते गेले. विलास घोगरेचा आवाज आम्ही ऐकला तो आनंद पटवर्धनच्या सिनेमांत. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. त्यानंतर चारच दिवसांत घोगरेनं स्वतःला संपवलं. अमेरिकेत सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार काळ्या पोरी मेल्या. जॉन कोल्ट्रेननं त्यावर 'अलाबामा' वाजवलं, शब्द एकही नाही, पाच-एक मिनिटं सॅक्सोफोन. ते कुठल्याही यादीवाल्याला माहीत आहे. घोगरे माहीत आहे का, विचारून बघा.

इथपर्यंत दुसऱ्यांना शिव्या झाल्या. आता घरात येतो.

वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफत. आपल्या बहुतेक भीमकवींची हीच रीत, सोयराबाईपासून चालत आलेली. कव्हरवर नाव छापलं नाही तरी गाण्यातून काढता येत नाही, असा बंदोबस्त. एचएमव्हीला जमलं नाही, कॅसेटवाल्याला जमलं नाही. ते आता आपण करून दाखवलं. डीजेनं. १४ एप्रिलला देवळीत, वर्ध्यात, मुंबईत, कुठंही उभं राहा. मुखडा, एक कडवं, मग धडधड, मग भोंगा, मग पुन्हा मुखडा, मग दुसरं गाणं. शेवटचं कडवं येतच नाही. दोन वर्षांमागं जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीतली एक म्हातारी माझ्या कानाशी ओरडली, "अबे, दादाचं नाव तं आलंच नाही, गाणं सरलं कसं?" तिला वाचता येत नाही. कवी कोण हे तिला शेवटच्या कडव्यातूनच कळायचं. तेवढंच तिचं कव्हर.

पोरांनी नाचू नये असं मी म्हणत नाही. नाचा, छाती फुटेस्तोवर नाचा, वर्षातून एक दिवस तर रस्ता आपला असतो. पण बॉब मार्लेचं काय झालं ते ऐकून ठेवा. १९७३ चा 'कॅच अ फायर'. जमैकात केलेल्या टेपा लंडनला नेल्या आणि गोऱ्या पोरांना पचावं म्हणून वरून रॉक गिटार चढवली. अल्बम गाजला. मूळची, गिटार न चढवलेली गाणी २००१ मध्ये बाहेर आली, तोवर मार्लेला जाऊन वीस वर्षं झाली होती. मी दोन्ही ऐकलीत. मूळचं जास्त कडू आहे आणि जास्त चांगलं आहे. पण तिथं मूळ टेप कुणीतरी सांभाळून ठेवली होती म्हणून निदान ताडून बघता आलं. आपल्याकडं मूळ टेप कुठं आहे? पेट्यांत बुरशी धरतेय. टेपरेकॉर्डर भंगारात गेले. मोबाइलवर जे चढलंय त्यातलं निम्मं डीजेचं, आणि चढवणाऱ्याचं नाव मात्र ठळक.

उलटं उदाहरणही मोबाइलवरच आहे. कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात. ना कंपनी, ना कव्हर, आणि लाखो लोकांनी ऐकलं. कुठली यादी लागली नाही.

तर माझी यादी मी करतोय. तिच्यात गीतरामायणाच्या चाली आहेत, सोयराबाई आहे, मार्विन गे आहे, प्रल्हाद शिंदेंच्या बापाच्या पेटीतल्या तीन कॅसेटी आहेत, ज्यांची कव्हरं हरवली. बाकी जागा रिकाम्या आहेत. वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाट, जिथं कुणाच्या घरी जुन्या भीमकव्वाल्यांच्या कॅसेटी असतील, त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. आम्ही येऊन उतरवून नेऊ आणि मूळ कॅसेट परत करू. फाटकी, गुंतलेली, बुरशीची चालेल. कव्हर नसलं तरी चालेल. फक्त टेप शेवटपर्यंत शाबूत असावी.