मेणाच्या पुतळ्यांची नोंद झाली, तबल्याची राहिली

पाश्चात्त्य रॉक संगीतातील एखादी ध्वनिमुद्रिका श्रेष्ठ की सामान्य, हा वाद देवळाच्या सभामंडपात भजन ऐकणाऱ्या आमच्या वाचकांपुढे कशासाठी मांडावा, असे कोणी विचारील. मांडण्यास कारण आहे. बीटल्स या इंग्रज चौकडीच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या १९६७ सालच्या ध्वनिमुद्रिकेविषयी आपल्या समाजात दोन मते मोठ्या ठामपणे बोलली जातात. एक पक्ष म्हणतो, तो अमली पदार्थांच्या धुंदीतला गोंगाट. त्याच्याशी आपले नाते काय? दुसरा पक्ष म्हणतो, तिच्या वेष्टनावर आपले योगी आहेत आणि आत आपली सतार आहे, तेव्हा जगाने तिला दिलेला मान हा वस्तुतः आपलाच मान होय. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात, परंतु ध्वनिमुद्रिका न ऐकता निकाल देण्याच्या बाबतीत ते सख्खे भाऊ आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम त्या मानाचीच गोष्ट पाहू. ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा केनेथ टायनन या नामांकित नाट्यसमीक्षकाने तिला पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासातील निर्णायक क्षण ठरवून टाकले. त्याच महिन्यात रिचर्ड गोल्डस्टीन याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ती फाजील लाडाने बिघडलेल्या मुलासारखी आहे असे लिहिले आणि वाचकांचा रोष ओढवून घेतला. १९६८ साली तिला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले; रॉक संगीताला तो मान प्रथमच लाभत होता. पुढे 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांची यादी केली, तीत २००३ साली आणि पुन्हा २०१२ साली हिचा क्रमांक पहिला. २०२० साली नवी यादी झाली, तेव्हा तीच ध्वनिमुद्रिका चोविसावी! मधल्या आठ वर्षांत मूळ मुद्रणातला एक स्वरही हललेला नव्हता. हलले ते मतदार. नव्या मतदारांनी मार्व्हिन गे या कृष्णवर्णीय गायकाच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'ला पहिले स्थान दिले, याचे आम्हाला दुःख नाही. त्या गायकाची योग्यता मोठी आहे. परंतु जी कीर्ती मतदार बदलताच तेवीस पायऱ्या खाली उतरते, तिच्यावर आमच्यातील अभिमानी मंडळींनी आपल्या संगीताचा विजयध्वज रोवावा, हे पाहून हसू येते.

धुंदीचा आरोप करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. त्या पिढीचा मादक द्रव्यांशी संबंध होता, हे कोणी नाकारीत नाही. याच संशयावरून बी.बी.सी.ने यातील शेवटचे गाणे प्रक्षेपित करण्यास नकार दिला होता. तथापि धुंदीत पडलेल्या माणसाच्या हातून असे काम होत नाही. केवळ चार पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर, एका फितीवरून दुसऱ्या फितीवर आवाज उतरवीत, जॉर्ज मार्टिन या निर्मात्याने आणि त्या चौघांनी ही ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९६६ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत खपून बांधली. त्याच शेवटच्या गाण्यात चाळीस वादकांचा वृंद आपापल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जातो. हा चढ चोवीस मोजलेल्या आवर्तनांत बसवलेला आहे. ही शिस्त ज्याला ऐकू येत नाही, त्याने नशेचा आरोप जरा जपून करावा.

परंतु आमच्या वाचकांचा खरा संबंध येतो तो दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याशी. 'विदिन यू विदाउट यू' हे जॉर्ज हॅरिसनचे गाणे पाच मिनिटांचे आहे आणि त्यात इतर तिघे बीटल्स मुळी वाजवीतच नाहीत. १९६६ च्या शरदात हॅरिसन मुंबईस येऊन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकला होता. पंडितजींनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका दीर्घ रचनेवरून हे गाणे सुचले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. स्वरावली आपल्या खमाज थाटाशी जुळणारी, गायनाचा भाग सोळा मात्रांच्या तीनतालात, आणि मधला सवालजवाब दहा मात्रांच्या झपतालात. दिलरुब्याच्या मींडेमागे आठ व्हायोलिने आणि तीन चेलो चालवण्याचे काम मार्टिनने केले. पाश्चात्त्य वादकांना ती मींड साधता साधता किती घाम फुटला असेल, हे ज्याने कधी गायकामागे पेटी धरली आहे त्यालाच कळेल. अनेक पाश्चात्त्य श्रोते मात्र हे गाणे ओलांडून पुढे जात आणि तरीही संपूर्ण ध्वनिमुद्रिकेला अमर म्हणत! गाण्याच्या शेवटी हशा ऐकू येतो, त्यात आपल्यापैकी काहींना भारतीय संगीताचा उपहास दिसतो. तो हशा खुद्द हॅरिसनने, गांभीर्याचा ताण हलका व्हावा म्हणून, ठेवला होता.

रागवायचेच असेल तर वेष्टन हाती घ्यावे. त्यावर श्री युक्तेश्वर, लाहिरी महाशय, परमहंस योगानंद आणि महावतार बाबाजी हे चौघे योगी नटनट्या व मुष्टियोद्धे यांच्या गर्दीत उभे आहेत. गांधीजीही त्यांत होते. परंतु हिंदुस्थानच्या बाजारपेठेत रोष होईल या भीतीने कंपनीच्या अध्यक्षांनी त्यांना काढावयास लावले. वेष्टनाच्या पाठीवर गाण्यांचे शब्द छापले आहेत, छायाचित्रकाराचे नाव आहे, मांडणी करणाऱ्यांची नावे आहेत, मेणाचे पुतळे पुरवणाऱ्या मादाम तुसाँ यांचेही नाव आहे. तबला कोणी वाजवला, दिलरुबा कोणाचा, हे मात्र नाही. पदरी बोलावलेल्या वादकांची नावे छापण्याचा त्या काळी प्रघात नव्हता, असे समर्थन केले जाते. पुतळेवाल्यांसाठी प्रघात निघाला, तो यांच्यासाठी का निघाला नाही?

हे वादक लंडनच्या 'एशियन म्युझिक सर्कल' या संस्थेमार्फत आले होते. कर्नाटकातून तिकडे गेलेले अयना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी ती संस्था चालवली. ग्रंथांवर ग्रंथ निघाले, क्रमांक लागले, पारितोषिके वाटली गेली. पण चौघांचीही नावे एकत्र लोकांपुढे येण्यास २०१७ साल, म्हणजे पन्नास वर्षे, लागली. दिलरुबा अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांचा, तबला नटवर सोनी यांचा, तंबोरा बुद्धदेव कंसारा यांचा. जोशी हे आडनाव वाचून आमच्यातील अभिमानी पक्षाला लगेच स्फुरण चढेल, म्हणून सांगून ठेवतो की नावाची थोरवी आडनावात नाही, त्या दिलरुब्यात आहे, आणि गज्जर यांचीही ती तितकीच आहे.

लंडनला दोष देताना घरचा हिशेबही मांडलेला बरा. उत्सवाच्या पत्रिकेत आपल्याकडे गायकाचे नाव जाड ठशात येते, देणगीदारांचा रकाना भरतो, मंडपवाल्यालाही तळाशी जागा मिळते. आणि पुष्कळदा 'तबला व पेटीची साथ आहे' एवढ्यावर मजकूर संपतो. बीटल्सच्या वेष्टनावर संतापणाऱ्या आमच्या देवस्थान समित्यांना आम्ही एवढेच विचारतो: यंदाच्या जत्रेची पत्रिका छापखान्यात गेली आहे काय? गेली नसेल, तर साथीदारांची नावे आजच धाडावीत.