मोल शिकवायचा, पण तोलायचा कशावर?

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, परभणी

विषय : नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठासाठी साधने, तासिका व प्रशिक्षण मिळणेबाबत

महोदय,

जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत नऊही तालुक्यांतील आम्ही विज्ञान शिक्षक संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

‘मोल’ म्हटले की पोरांना किंमत आठवते, नाहीतर मोलमजुरी. त्यांचा दोष नाही. 18 ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, त्यात 6.022 × 10²³ रेणू, हे पाठ होते. सूत्रात आकडे घालून उत्तरही येते. पण 9 ग्रॅम पाणी जास्त की 9 मोल, असे विचारले की वर्ग गप्प. त्यांनी कधी काही तोललेलेच नसते.

म्हणून मुख्य मागणी एकच : प्रत्येक माध्यमिक शाळेला 0.1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा द्यावा. स्मार्ट टीव्ही पोचलेल्या शाळांतही तो नाही. आमच्या एका सभासदाच्या शाळेत जुना तराजू आहे, पेटीतली बारीक वजने मात्र कधीच हरवली. ते सराफाकडून तासाभरासाठी काटा मागून आणतात. त्यावर सोयाबीनचे 100 दाणे 12 ग्रॅम भरले. मग 30 किलोच्या पिशवीत दाणे किती? अडीच लाख, तेही न मोजता! मोल तिथे कळला. पुढे 8.4 ग्रॅम खाण्याचा सोडा तापवला. समीकरणाप्रमाणे 5.3 ग्रॅम उरायला हवे होते, उरले 5.5. सोडा पुरता तापला नाही की काटा चुकला, यावर पोरे मधल्या सुट्टीतही भांडत होती. असा तास 35 मिनिटांत बसत नाही. या पाठासाठी जोडतासिका मंजूर कराव्यात.

प्रशिक्षणाबद्दल स्पष्टच लिहितो. स्लाइड दाखवणारी शिबिरे पुरेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी बोलून तिथल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत शिक्षकांना एक दिवस हाताने काम करू द्यावे. वर्गातली उदाहरणेही मग शेतीतलीच घेता येतील. युरियाची 45 किलोची गोणी आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी असते, तिच्यावर नत्र 46 टक्के छापलेले असते. युरियाचे रेणुवस्तुमान 60, त्यात नायट्रोजन 28. हिशेब मुलांनीच करावा. गोणीत नत्र पावणेएकवीस किलोच्या आसपास निघते, हे बापाला सांगणारी मुलगी हा पाठ विसरत नाही.

पाठ पहिल्या सत्रात येतो. काटे जूनमध्ये, शाळा उघडतानाच मिळावेत, ही विनंती.

आपले,
संघटनेचे सभासद शिक्षक, परभणी जिल्हा