चांगला बोकड आधी विकला जातो

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले; शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. काळी, काटक, एका वेतात पुष्कळदा जुळी करडे देणारी ही जात तुळजापूर, लातूर, उदगीर या तालुक्यांची, असे पशुविज्ञानाचे ग्रंथ सांगतात. ती कोणी घडविली, याबद्दल ते मौन पाळतात. नळदुर्गच्या माळावर शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन कुटुंबांनी, त्यातही बायकांनी, कोणती पाट ठेवायची आणि कोणती काढायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरविले, त्यातून ती घडली.

जात खालावते आहे, कारण गरिबाला अनुवंश कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी शेळीवाल्याचा हिशेब समजून घ्यावा. संततीला अर्धा वारसा आईकडून आणि अर्धा बापाकडून मिळतो, हे मेंडेलने १८६६ मध्ये, ‘जनुक’ हा शब्दही नव्हता तेव्हा, वाटाण्यावरील प्रयोगांतून मांडले. परंतु पंचवीस-तीस शेळ्यांना एकच बोकड पुरतो. म्हणजे कळपाच्या पुढच्या पिढीचा अर्धा वारसा त्या एकट्याचा. जुळ्यांचा गुण त्याच्या अंगावर दिसत नाही, तरी लेकींना तो त्याच्याकडूनही मिळतो.

आणि जो बोकड झपाट्याने अंग धरतो, त्यालाच खाटीक आधी हेरतो. घरात आजारपण, दारात सावकार. मालकाने थांबायचे कशाच्या बळावर? मागे उरतो तो गिऱ्हाईक न मिळालेला खुरटा, आणि शेळ्या फळविण्याचे काम त्याच्याकडे येते. निवड येथेही होते, पण ती कर्ज करते. अज्ञानाचा यात काय संबंध?

दहा शेळ्या व एक बोकड वाटणारी सरकारी योजना या प्रश्नाला स्पर्शही करीत नाही. बाजार तर रंगावर जातो. काळी ती अस्सल! रंगाची जनुके निराळी, जुळ्यांची निराळी. शुद्ध रक्ताचे हे वेड माणसांच्या बाबतीत या देशाने जोपासले, ते शेळीच्याही वाट्याला आले. शिवाय जुळी होणे हे जनुकांइतकेच, किंबहुना अधिक, चाऱ्यावर अवलंबून असते. गायरान आक्रसत असताना उपाशी शेळीकडून जुळ्यांची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे.

तेव्हा मागणी अशी हवी: जुळ्यांतले चांगले बोकड खाटकाच्या भावाने सार्वजनिक पैशातून विकत घ्यावेत आणि शेळीवाल्यांच्या सहकारी संस्थेकडे सोपवावेत. वेतांची नोंदवही गावातच राहावी. बोकडाचा स्वतःच्या लेकींशी संयोग होऊ नये म्हणून दर दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावाशी बदलावा. गायरानावरचा चराईचा हक्क तर सोडताच कामा नये. तुळजापूर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ही नोंद ईद आणि आखाडाच्या बाजारांआधीच सुरू करावी. त्यानंतर कळपात निवडण्याजोगा बोकड शिल्लक राहत नाही.