कृपया 'कालातीत' म्हणू नका

चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड'बद्दल कुणी लिहायला बसलं, की तिसऱ्या ओळीत 'कालातीत' हा शब्द येतोच. मला त्या शब्दाचा राग आहे. कौतुकाच्या नावाखाली तो गाण्याचा काळच पुसून टाकतो. मग उरतो फक्त गिटारचा एक झकास तुकडा, रीलखाली लावायला.

हे गाणं १९५८ साली शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सने बाजारात आणलं. गोष्ट साधी आहे. लुइझियानाच्या रानात, लाकडी खोपटात राहणारा एक पोरगा. लिहिण्यावाचण्यात यथातथाच, पण गिटार हातात घेतली की लोक थांबून ऐकतात. आईला खात्री आहे की हा मोठा होणार. बेरीने आधी त्या पोराला 'काळा' म्हटलं होतं. रेडिओवर गाणं वाजावं म्हणून त्याने तो शब्द काढला आणि पोराला 'खेड्यातला' केलं. हे त्यानेच पुढे सांगितलंय. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाने कुठे बसायचं, कुठे जेवायचं हे कायदा ठरवत होता. पोराला नाव मिळवायचं, तर आधी रंग लपवायला लागला. यात कालातीत काय आहे?

१९८५मध्ये 'बॅक टू द फ्युचर' आला. त्यात एक गोरा पोरगा मागे, १९५५ सालात जाऊन हे गाणं वाजवतो आणि कुणीतरी ते फोनवरून चक बेरीला ऐकवतो. विनोद म्हणून भारी आहे, मीही हसलो. पण हिशेब लावून बघा: ज्याचं गाणं, तोच ते गोऱ्या पोराकडून शिकला!

तुम्ही म्हणाल, बेरीनेही उचललंच की. खरंय. ती प्रसिद्ध सुरुवात कार्ल होगनने लुई जॉर्डनच्या १९४६च्या एका गाण्यात जवळजवळ तशीच वाजवली होती. आणि बेरीचा जुना पियानोवादक जॉनी जॉन्सन, ज्याच्यावरून या पोराचं नाव सुचलं, त्याने २००० साली इतर अनेक गाण्यांच्या श्रेयासाठी बेरीवर दावा लावला. फार उशीर झाला म्हणून कोर्टाने तो फेटाळला. बेरी संत नव्हता. पण म्हणूनच 'कालातीत' नको. त्या शब्दात होगनही बुडतो आणि जॉन्सनही.

१९७७मध्ये हे गाणं व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीवर चढलं. तबकडीवरचं ते एकमेव रॉक गाणं. लोकसंगीताचे अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी हे पोरकट म्हणून विरोध केला होता. पोरकट? शिक्षण नाही, पैसा नाही, तरी हातातल्या कलेवर नाव होईल, ही आशा पोरकट वाटायला आधी पोट भरलेलं लागतं.

गाणं काळाच्या पलीकडे गेलेलं नाही. तो काळच अजून सरलेला नाही, म्हणून ते आजही लागू पडतं. पंधरा सेकंदांवर थांबू नका. पूर्ण ऐका, तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि 'खेड्यातला' हा शब्द आला की तिथे आधी काय होतं ते आठवा.